बँकेचे वकीलपत्र

व्यापारी घरातील मुलाने किंवा मुलीने कायद्याची पदवी घेतली की वडीलधाऱ्यांना आनंद होतो. आयकराची नोटीस, जीएसटीची छाननी, भावाभावांतील वाटणी, भाडेकरूचा दावा ही सारी कामे त्यांच्या डोळ्यांसमोर असतात आणि आता घरचाच वकील झाला या विचाराने जीव निर्धास्त होतो. परंतु तेच मूल जेव्हा सांगते की आपण बँकांच्या बाजूने खटले चालविणार आहोत, तेव्हा बैठकीत क्षणभर शांतता पसरते. बाजारपेठेत कोणाच्या तरी दुकानाच्या शटरवर चिकटविलेली ताबा-नोटीस प्रत्येकाने पाहिलेली असते आणि तिच्यामागे कोठेतरी एक वकील उभा असतो हेही प्रत्येकाला ठाऊक असते.

या वकिलाविषयी व्यापारी समाजात जेवढी भीती आहे तेवढी माहिती नाही. वास्तविक त्याच्या फाइलीतील बहुतेक कागदांवर सह्या असतात त्या व्यापारी कुटुंबांच्याच. त्यामुळे तो काय वाचतो, कशाच्या बळावर जिंकतो आणि कोठे हरतो, हे या कुटुंबांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

पूर्वी हे काम वकिलाचे नव्हतेच. दर्शनी हुंडी, मुदती हुंडी, केवळ पतदार शाहालाच जिची रक्कम द्यावयाची ती शाहजोग हुंडी, हा सारा व्यवहार पेढीच्या नावावर चाले. तंटा उद्भवला तर महाजन बसत आणि तोड काढीत. इंग्रज सरकारने 1881 साली परक्राम्य संलेखांचा कायदा केला, तेव्हाही देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना बाधा येणार नाही अशी तरतूद पहिल्याच कलमात ठेवावी लागली. एवढे त्या रूढींचे वजन होते. पुढे पेढीची जागा बँकेने घेतली, मुनिमाच्या हस्ताक्षराची जागा छापील नमुन्याने घेतली आणि तंटा दिवाणी न्यायालयात गेला. तेथे तो वर्षानुवर्षे पडून राहू लागला. 1981 साली तिवारी समितीने आणि 1991 साली नरसिंहम समितीने बँकांच्या वसुलीसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे असावीत असे सुचविले. 1993 च्या कायद्याने ती स्थापन झाली. आज महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे ऋणवसुली न्यायाधिकरणे आहेत. 2002 साली सरफेसी कायदा आला आणि तारण मालमत्तेचा ताबा घेण्यासाठी बँकेला आधी न्यायालयात दावा लावण्याची गरज उरली नाही. 2016 साली दिवाळखोरी संहिता आली. या तीन कायद्यांमुळे बँकेच्या वकिलाचे काम अशिलाचा दावा दाखल करून वाट पाहण्याचे राहिले नाही. ते मुदतींचे, नोटिशींचे आणि कागदांच्या काटेकोरपणाचे झाले.

नवख्या वकिलाची पहिली काही वर्षे बोलण्यात जातच नाहीत, वाचण्यात जातात. कर्जमंजुरीचे पत्र, मागणी वचनचिठ्ठी, मालाच्या तारणाचा करार, गहाणाचे कागद, जामीनपत्र आणि खात्याचा उतारा, या क्रमाने फाइल लावायची आणि प्रत्येक पानावर तारीख, रक्कम, व्याजदर आणि सही तपासायची. ज्येष्ठ वकील पहिला प्रश्न विचारतो तो मुदतीचा. मुदतीच्या कायद्यानुसार साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांत आणि गहाणाच्या रकमेचा बारा वर्षांत व्हावा लागतो. ही मुदत उलटली असेल तर बँकेचे घोडे तेथेच अडते.

पण बहुधा ती उलटलेली नसते, आणि त्याचे कारण व्यापाऱ्याच्या टेबलावरच घडलेले असते. दरवर्षी बँकेकडून एक छोटेसे पत्र येते: अमुक तारखेस आपल्या खात्यावर इतकी रक्कम येणे आहे, कृपया पुष्टी करावी. मुनीम ते पुढे करतो, शेठ सही करतात. ती सही म्हणजे ऋणाची लेखी कबुली होय. जुनी मुदत संपण्यापूर्वी अशी कबुली दिली की 1963 च्या मुदतीच्या कायद्याच्या अठराव्या कलमानुसार नवी मुदत त्या दिवसापासून सुरू होते. कनिष्ठ वकिलाला फाइलीत हे पत्र सापडले की त्या दिवशीचे त्याचे निम्मे काम झाले. पत्रातील आकडा आपल्या वहीशी जुळतो की नाही, हे सही करण्यापूर्वी पडताळणारी घरे थोडी.

वहीचा विषय निघालाच आहे तर तोही सांगावा. दिवाळीला वहीपूजन करून, शुभ-लाभ लिहून ज्या वह्या उघडल्या जातात, त्या न्यायालयात पुरावा म्हणून चालतात. परंतु पुराव्याच्या कायद्यानुसार केवळ वहीतील नोंदीवरून कोणावर देणे लादता येत नाही, तिला दुसऱ्या पुराव्याचा आधार लागतो. बँकेला एक सवलत आहे. 1891 च्या कायद्यामुळे तिला मूळ खातेवही न्यायालयात आणावी लागत नाही, प्रमाणित उतारा पुरतो. पण मूळ नियम तिलाही लागू आहे. गौहाती बँकेच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले की नोंद दाखवून भागत नाही, पैसे खरोखर दिले गेले हे सिद्ध करावे लागते. रोजकीर्द आणि खतावणीच्या वातावरणात वाढलेल्या मुलाला या शाखेत जी उपजत गती असते ती येथे कामाला येते. व्याज कोणत्या तारखेपासून लावले, दंडव्याज मंजुरीपत्रात होते की नंतर घुसले, जमा रक्कम मुद्दलात गेली की व्याजात, हे त्याला उतारा पाहताच खटकते.

याच वर्षांत शीर्षकशोधाचे कामही येते. तारण द्यावयाच्या जागेची तीस-तीस वर्षांची नोंद दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोनमधून काढायची, सातबारा आणि मिळकतपत्रिकेवरील फेरफार पाहायचे आणि बँकेला लेखी मत द्यायचे. मोबदला बेताचा, जबाबदारी मोठी. हैदराबादच्या एका गृहकर्ज घोटाळ्यात बँकेच्या पॅनेलवरील वकिलावर चुकीच्या मताबद्दल फौजदारी आरोप ठेवले गेले होते. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि सांगितले की केवळ मत चुकले म्हणून वकील गुन्हेगार ठरत नाही. कटात त्याचा सहभाग असल्याचे दिसले पाहिजे. या निकालाने अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल, पण निष्काळजीपणाची व्यावसायिक जबाबदारी त्याने संपलेली नाही.

आता या सर्व कागदांमधील सर्वांत जड कागद. जामीनपत्र.

व्यापारी समाजात जामीन राहणे हा नात्याचा भाग समजला जातो. मेहुण्याच्या कारखान्याला, साडूच्या दुकानाला, मुलाच्या नव्या कंपनीला सही द्यावयाची आणि त्याविषयी फार विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे. आपण केवळ नावाला आहोत, बँक आधी कर्जदाराला धरील, त्याची मालमत्ता विकील, मग उरलेच तर आपल्याकडे येईल, अशी समजूत असते. कायदा तसे म्हणत नाही. 1872 च्या करार कायद्याचे 128 वे कलम जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच ठरविते. 1968 साली बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात प्रश्न आला होता की बँकेने आधी कर्जदाराविरुद्धचे सर्व उपाय संपवावेत काय. सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटले. धनकोला जर आधी कर्जदारामागे धावावे लागले तर जामीन घेण्याचा उपयोगच काय, असा त्यामागचा विचार होता. तेव्हापासून बँकेच्या वकिलाने हा निकाल किती वेळा वाचून दाखविला असेल त्याची गणती नाही.

मर्यादित कंपनी काढली म्हणजे घर सुरक्षित राहिले, ही समजूतही याच कागदाने खोटी ठरते. कंपनीची जबाबदारी मर्यादित, पण संचालकाचे वैयक्तिक जामीनपत्र अमर्यादित असू शकते. कंपनी दिवाळखोरी संहितेखाली गेली आणि तिचा नवा मालक ठरला तरी जामीनदार आपोआप सुटत नाही. 2021 च्या 21 मे रोजी ललित कुमार जैन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते निःसंदिग्धपणे सांगितले. करार कायद्यात जामीनदाराला काही संरक्षणे आहेत. त्याच्या संमतीवाचून मूळ करारात बदल केला तर पुढील व्यवहारापुरता तो मुक्त होतो. मात्र बँकेच्या छापील नमुन्यात ही संरक्षणे सोडून देत असल्याची वाक्येही बहुधा असतात, आणि ती बारीक टाइपात असतात.

घरातील स्त्रियांच्या सह्यांचा प्रश्न याहून नाजूक. भागीदारीत पत्नीचे नाव, संचालक मंडळावर सुनेचे नाव, राहते घर आईच्या नावे असल्याने गहाणदार म्हणून आईची सही. यांतील अनेकींनी दुकानाचा ताळेबंद कधी पाहिलेला नसतो. पुढे न्यायाधिकरणात 'मुलाने सांगितले म्हणून सही केली' असे प्रतिज्ञापत्र येते आणि बँकेच्या वकिलाला त्याचे उत्तर द्यावे लागते. उत्तर सोपे असते: सही मान्य आहे, दबाव बँकेने आणलेला नाही, सबब जबाबदारी कायम. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने 1993 आणि 2001 च्या निकालांत असे ठरविले की पतीच्या कर्जासाठी पत्नी जामीन राहत असेल तर तिला परिणाम समजले आहेत याची खातरजमा बँकेने स्वतंत्र सल्ल्याच्या मार्गाने करून घ्यावी. आपल्याकडे ती खातरजमा घरातच व्हावयास हवी. बँकेचे काम करणारे काही अनुभवी वकील कर्जाच्या वेळीच शाखेला सुचवितात की जामीनपत्र जामीनदाराला समजेल त्या भाषेत वाचून दाखवा आणि तसे लिहून घ्या. त्यात दया आहेच, पण पुढचा वाद टाळण्याचा व्यवहारही आहे.

सरफेसी कायद्याचा दरारा मोठा आहे आणि तो अकारण नाही. खाते थकीत ठरले की साठ दिवसांची नोटीस, त्यानंतर ताबा, त्यानंतर लिलाव. प्रत्यक्ष ताब्यासाठी मुख्य महानगर दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकारी यांचे साहाय्य मिळते. या कायद्याला मर्दिया केमिकल्स या कंपनीने आव्हान दिले, आणि 8 एप्रिल 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कायदा टिकला. पण न्यायाधिकरणात दाद मागण्यापूर्वी मागणीच्या 75 टक्के रक्कम भरण्याची अट न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली. ज्याच्याकडे 75 टक्के रक्कम आहे त्याच्यावर ही वेळ आली असती काय, हा साधा प्रश्न त्यामागे होता. कर्जदाराने नोटिशीला आक्षेप घेतला तर बँकेने तो विचारात घेऊन कारणांसह उत्तर दिले पाहिजे, असेही ठरले. पुढे तसे कलमच कायद्यात आले आणि आज हे उत्तर पंधरा दिवसांत द्यावे लागते.

या पंधरा दिवसांचे मोल दोन्ही बाजूंना कळत नाही. व्यापारी पुष्कळदा नोटीस खणात टाकून देतो आणि शाखेच्या व्यवस्थापकाला भेटून 'बघू, करू' म्हणवून घेतो. तोंडी आश्वासनाला तेथे किंमत नसते. बँकेचा अधिकारीही आक्षेपाचे उत्तर एका ओळीत देऊन मोकळा होतो, आणि मग त्याच्याच वकिलाला न्यायाधिकरणात मान खाली घालावी लागते. ताब्याविरुद्ध दाद मागण्याची मुदत पंचेचाळीस दिवसांची आहे. आणि एक मर्यादा तर अगदी टोकाची: 2016 च्या दुरुस्तीनंतर, विक्रीची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीच कर्जदाराला संपूर्ण रक्कम भरून मालमत्ता सोडविता येते. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने हे अधोरेखित केले. लिलावाच्या आदल्या दिवशी नातेवाइकांकडून पैसे गोळा करून धावत येण्याची जी जुनी रीत होती, तिला आता कायद्याचा आधार उरलेला नाही.

येथवर वाचून बँकेचा वकील नेहमी जिंकतोच असे वाटेल. तसे नाही. बँक प्रतिवादी असते तेव्हा त्याची खरी परीक्षा होते. कॅनरा बँकेविरुद्धचा एक खटला कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी वाचतो. एका कंपनीच्या हिशेबनीसाने व्यवस्थापकीय संचालकांच्या खोट्या सह्या करून 42 चेक वटविले. रक्कम सव्वातीन लाखांच्या आसपास. बँकेचा बचाव असा की खातेदाराने पासबुक वेळोवेळी पाहिले असते तर लबाडी उघड झाली असती. 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव फेटाळला. खोट्या सहीचा चेक हा खातेदाराचा आदेशच नव्हे, त्यामुळे बँकेला त्याच्या खात्यातून पैसे वजा करण्याचा अधिकार पोहोचत नाही. नुसता निष्काळजीपणा दाखवून ती सुटू शकत नाही.

लॉकरचा खटला तर प्रत्येक घराच्या जिव्हाळ्याचा. कोलकात्याच्या एका खातेदाराचे लॉकर भाडे भरलेले असताना, आगाऊ सूचना न देता, बँकेने 1994 साली फोडले. दागिने सात होते असे त्याचे म्हणणे, परत मिळाले दोन. 19 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँकेला पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आणि लॉकरसंबंधी नियम करण्यास रिझर्व्ह बँकेला सांगितले. त्यानुसार 1 जानेवारी 2022 पासून आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधील वस्तू गेल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपट इतके ठरले आहे. चार हजार भाडे असेल तर चार लाख. लग्नाचे सारे सोने एकाच लॉकरात ठेवणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा मांडून पाहावा.

अशा प्रकरणात वकिलाने बँकेला काय सांगावयाचे? चूक उघड असेल तर पैसे देऊन मोकळे व्हा, असे लेखी मत देणारा वकील पॅनेलवरून जाईल अशी भीती तरुणांना वाटते. प्रत्यक्षात टिकून राहतात ते असेच. न्यायाधीशांचा ज्याच्या शब्दावर विश्वास आहे असा वकील बँकेला हवा असतो, आणि हा विश्वास पडेल ती बाजू रेटून मिळत नाही.

जैन घरांत या व्यवसायाविषयी एक प्रश्न हमखास निघतो: दुसऱ्याचे दुकान बंद पाडण्याचे हे काम धर्माला धरून आहे काय? तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार हे दोन आहेत, म्हणजे खोटा दस्तऐवज करणे आणि विश्वासाने ठेवलेली ठेव बुडविणे. बँकेच्या वकिलाचा दिवस या दोन शब्दांभोवतीच फिरतो. बनावट स्टॉकविवरण, एकच जागा दोन बँकांकडे तारण, खोटी बिले ही सारी कूटलेखाची उदाहरणे. आणि बँकेने दिलेले कर्ज हे कोणा निवृत्त शिक्षकाच्या, कोणा विधवेच्या मुदतठेवीतूनच गेलेले असते. कायद्याच्या नजरेत ठेव हे ठेवीदाराने बँकेला दिलेले कर्जच आहे, न्यास नव्हे. पण बँक बुडाल्यावर रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला हा भेद सांगून काय उपयोग! सहकारी बँका बुडाल्याचे अनुभव महाराष्ट्रात नवे नाहीत. उलट बाजूही तितकीच खरी आहे. मंदीत सापडलेला, माल उधारीवर अडकलेला, लबाडी न केलेला व्यापारी आणि पैसा दुसरीकडे वळविणारा व्यापारी, या दोघांना एकाच साच्याची नोटीस जाते. त्यांतील फरक ओळखून पहिल्यासाठी तडजोडीचा मार्ग सुचविणे वकिलाच्या हातात असते. अनेकांताचे संस्कार घेऊन आलेल्याला हे अवघड जाऊ नये.

बँकांच्या इतिहासातील सर्वांत मोठा खटलाही मुंबईच्याच एका वकिलाने चालविला. सर जमशेदजी कांगांच्या चेंबरमध्ये घडलेले नानी पालखीवाला हे मूळचे करकायद्याचे अभ्यासक. कांगांसह लिहिलेला त्यांचा आयकरावरील ग्रंथ 1950 साली आला. 19 जुलै 1969 रोजी सरकारने 14 बँका ताब्यात घेतल्या, तेव्हा रुस्तम कावसजी कूपर या भागधारकाच्या वतीने ते उभे राहिले. बँकेने स्वतः दावा न लावता भागधारकाने का लावला? कारण कंपनी नागरिक नसते, आणि काही मूलभूत हक्क नागरिकालाच मागता येतात. 10 फेब्रुवारी 1970 रोजी अकरा न्यायाधीशांच्या पीठाने दहा विरुद्ध एक अशा मताने तो कायदा रद्द केला. अवघ्या चार दिवसांत सरकारने नवा वटहुकूम काढला आणि बँका सरकारकडेच राहिल्या. मात्र यावेळी भरपाई वाढवून द्यावी लागली. खटला जिंकूनही बँका गेल्या, तरी त्या निकालातील मूलभूत हक्कांचा विचार आजही उद्धृत होतो.

अशा शिखरांकडे पाहून कोणी या वाटेला लागू नये हे बरे. सुरुवातीची वर्षे आर्थिकदृष्ट्या कोरडी असतात. पाच वर्षांचा किंवा पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, मग अखिल भारतीय बार परीक्षा, मग एखाद्या ज्येष्ठाच्या किंवा सॉलिसिटर फर्मच्या हाताखाली उमेदवारी. बँकेच्या पॅनेलवर नाव लागण्यास आणखी काही वर्षांचा अनुभव लागतो, आणि सरकारी बँकांचे शुल्क ठरावीक व बेताचे असते. वसुलीच्या टक्केवारीवर फी ठरविण्यास वकिलांच्या आचारसंहितेने मनाई केली आहे. ज्या घराच्या कर्जाचे कागद वकिलाने बँकेसाठी पाहिले, त्याच घराची बाजू पुढे त्याच वादात त्याला घेता येत नाही. नातेसंबंधांनी विणलेल्या समाजात हा नियम फार जपावा लागतो. कित्येकदा मावसभावाला 'मला काही विचारू नकोस, दुसरा वकील कर' एवढेच सांगावे लागते.

प्रकरणांचा मोठा वाटा शेवटी एकरकमी तडजोडीने मिटतो. रक्कम ठरते, हप्ते ठरतात, न्यायाधिकरणात संमतीची पुरशिस दाखल होते. शेवटचा हप्ता जमा झाला की बँकेच्या वकिलाचे एक काम उरते, आणि ते करून घेण्याची आठवण व्यापाऱ्याने ठेवावी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2023 मध्ये काढलेल्या निर्देशानुसार, 1 डिसेंबर 2023 पासून वैयक्तिक कर्जांच्या संपूर्ण परतफेडीनंतर मालमत्तेचे मूळ कागद तीस दिवसांत परत करणे आणि नोंदविलेला बोजा उतरविणे बँकांवर बंधनकारक आहे. बँकेमुळे विलंब झाल्यास दर दिवशी पाच हजार रुपये द्यावे लागतात. तिजोरीतून खरेदीखत निघते, वकील पानांची यादी पडताळतो, कर्जदार आणि जामीनदार पोचपावतीवर सही करतात, आणि यावेळी मात्र प्रत्येक जण ती वाचून करतो.